हात मंदावतो, चाक नाही : इलेक्ट्रिक चाकावर फसलेल्या कुंड्यांचं प्रकरण

कुंड्या फुटत होत्या आणि पणत्या फुटत नव्हत्या. माती तीच, हात तेच, नवं इलेक्ट्रिक चाकही तेच. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, उभा जन्म चाकावर बसलेल्या एका कुंभाराच्या घरी हा प्रकार सुरू झाला आणि महिन्याभरात ज्यानं त्यानं आपापला आरोपी ठरवून टाकला. थोरल्या मुलाचा संशय मातीवर, कारण तळ्यातला गाळ यंदा वेगळ्या बाजूनं उपसला होता. धाकटा म्हणत होता, मशीनच डिफेक्टिव्ह आहे. आणि शेजारपाजारचे हळू आवाजात म्हणत होते की म्हाताऱ्याचा हात गेला. हे शेवटचं मला फार लागलं. ते साफ चुकीचं होतं, आणि घरातलं कुणी ते खोडूनही काढत नव्हतं.

मी पुण्यात पॉटरीचा स्टुडिओ चालवते. या घराशी माझा जुना संबंध आहे. गाळाची माती कशी निवडायची, लीद किती घालायची, कुठली माती आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, दगा देते, हे मी इथे बसून शिकले. म्हाताऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं नाव-गाव इथे देत नाही, पण प्रकरण सविस्तर लिहायला हवं असं मला वाटतं. कारण इलेक्ट्रिक चाकं आता गावोगावी पोचली आहेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरणाची योजना सुरू केली, १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली आणि तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. आप्पांचं चाक कुठल्या योजनेतलं नव्हतं, मुलांनी पैसे जमवून घेतलं होतं. त्यामागचं कारण साधं होतं: आप्पांचे गुडघे गेले होते, तासन् तास उकिडवं बसणं आता होत नव्हतं.

नेमकं काय बिघडत होतं

दिवाळीच्या पणत्या नव्या चाकावर झपाट्यानं उतरल्या. घरात सगळे खूश. मग एका नर्सरीची ऑर्डर आली, बारा इंची कुंड्या आणि त्यांच्याखाली ठेवायच्या थाळ्या. इथून त्रास सुरू झाला.

कुंडी वर येईपर्यंत ठीक असायची. काठ करायला हात वर गेला की काठाखालचा दोन-तीन बोटांचा पट्टा ओला, पातळ आणि लिबलिबीत व्हायचा आणि एका बाजूला बसायचा. ज्या तगायच्या त्यांच्या काठाला वाळताना उभ्या चिरा पडायच्या. थाळ्यांचं दुखणं निराळं होतं. त्यांच्या तळाला मधोमध नागमोडी चीर यायची, कधी वाळतानाच, तर कधी आव्यातून काढल्यावरच दिसायची. दहा नग केले तर तीन-चार हमखास वाया.

मी गेले तेव्हा आप्पा पायरीवर बसले होते. म्हणाले, "ताई, ह्ये चाक थांबतच न्हाई. मग हातानं थांबायचं कवा?"

निदान या वाक्यात होतं. फक्त ते मोजून, करून बघायला हवं होतं, कारण मुलांना पटवायचं तर नुसत्या वाक्यावर भागणार नव्हतं.

आधी माती निर्दोष ठरवली

एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी कालवलेली, माती घेतली. भिजवलेली, खडे काढलेली, लीद घालून मळलेली. चार-चार किलोचे गोळे वजन करून केले आणि ओल्या पोत्याखाली एकत्र ठेवले, म्हणजे ओलाव्याचा फरक राहायला नको. निम्मे गोळे आप्पांनी जुन्या चाकावर घेतले, गुडघे सांभाळत, मध्ये थांबत, निम्मे नव्यावर. सगळ्या कुंड्या एकाच पडवीत, एकाच वाऱ्याला ठेवल्या. जुन्या चाकावरच्या सगळ्या उभ्या राहिल्या आणि बिनचिरा वाळल्या. नव्यावरच्यांची गत नेहमीचीच झाली.

मातीची सुटका झाली, आणि आप्पांच्या हाताचीही. ज्याचा हात गेला तो जुन्या चाकावर बारा इंची कुंडी काढू शकत नाही. थोरल्याला हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

मशीनही तपासलं. चाक मोकळं असताना आणि गोळ्यावर जोर देताना, दोन्ही वेळा फेरे मोजले. तबकडीवर खडूची रेघ मारायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि नंतर सावकाश बघत फेरे मोजायचे. यापेक्षा महागडं काही लागत नाही. मोटर जोर टिकवून धरत होती. यंत्रात दोष नव्हता.

मग वेग कमी-जास्त करायच्या, पायाखालच्या पॅडलकडे लक्ष गेलं. पॅडलवर विटेचा एक तुकडा ठेवलेला होता. चाक सुरू केलं की आप्पा पायानं तो तुकडा पॅडलवर सारायचे आणि मग पाय काढून घ्यायचे. चाक मिनिटाला साधारण १२० फेऱ्यांवर फिरत राहायचं. गोळा ठेवण्यापासून दोऱ्यानं कापण्यापर्यंत तोच वेग. त्यांच्या लेखी चाक ही एकदा फिरवून द्यायची आणि मग विसरायची गोष्ट होती. दांडक्यानं फिरवून हात मातीकडे न्यायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

जुन्या चाकाचा हिशेब

आप्पांचं जुनं चाक सिमेंटचं आहे, अडीच फूट व्यासाचं, वजन चाळीस किलोच्या आसपास. कडेच्या खाचेत दांडकं घालून घुमवलं की मिनिटाला १३०-एक फेरे घेतं. तिथून ते उतरायला लागतं. माती जितका विरोध करील तितकं लवकर. साठाच्या खाली गेलं की पुन्हा दांडकं.

या चाकात एका घुमावात साठणारी ऊर्जा काढली तर साधारण २५० ज्यूल येते. पाव किलोवॅटची मोटर तेवढी ऊर्जा एका सेकंदात देते. म्हणजे जुन्या चाकावर कुंभाराच्या हाती एका वेळी मोटरच्या एका सेकंदाएवढीच पुंजी असायची आणि तेवढ्यात काम उरकायचं असायचं. त्याच्या सगळ्या सवयी या टंचाईतून घडल्या. माती मऊ ठेवायची, कारण कडक माती चाक खाते. गोळा आधी थापटून गोल करायचा, म्हणजे मध्य साधण्यात, गोळा चाकाच्या बरोबर मधोमध आणण्यात, घुमाव वाया जात नाही. पाणी बेतानं, दाब हलका, हाताच्या फेऱ्या कमी. कुंडीसाठी चाक तीन-चार वेळा घुमवावं लागायचं, आणि दर वेळी दांडकं फिरवताना मातीला क्षणभर विसावा मिळायचा, आतलं पाणी पुसून घ्यायलाही सवड मिळायची.

यातली सगळ्यात महत्त्वाची सवय बाहेरून दिसतच नाही. भिंत वर खेचताना चाक मंदावत जातं, आणि त्यासोबत हातही मंदावत जातो. बुडाशी चाक शंभरावर असतं, काठाशी साठावर. हात त्याच प्रमाणात सावकाश होतो, म्हणून दर फेऱ्याला बोट तेवढंच वर सरकतं. कुठलाही पट्टा जास्त घासला जात नाही, कुठलाही सुटत नाही. ही जुळणी आप्पांना कुणी शिकवली नाही, त्यांना ती सांगताही येत नाही. ती हातात आहे.

आता हाच हात इलेक्ट्रिक चाकावर बसवून बघा. व्हिडिओत स्पष्ट दिसलं: काठ जवळ आला की आप्पांचा हात निम्म्या चालीवर यायचा आणि चाक मात्र १२० वरच. म्हणजे काठाजवळची माती दुप्पट वेळा घासली जात होती. प्रत्येक घासणीला थोडं पाणी आत, थोडी जाडी कमी.

त्यात व्यासाची भर. मिनिटाला १२० फेऱ्यांवर आठ सेंटिमीटरच्या पणतीची कड बोटाखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर सरकते. तीस सेंटिमीटरच्या कुंडीची कड त्याच वेगाला जवळजवळ १९० सेंटिमीटर. पणतीच्या कडेला जो मऊ स्पर्श मिळतो, तोच कुंडीला द्यायचा तर चाक तीस-बत्तीस फेऱ्यांवर यायला हवं. शिवाय फिरणाऱ्या भिंतीला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट. रुंद, ओला, पातळ काठ ही ओढ सोसू शकत नाही, तो बसणारच. पणत्या का वाचत होत्या तेही यातून उलगडलं. पणती मातीच्या मोठ्या ढिगाच्या टोकावरून काही सेकंदांत निघते, तिला व्यास नाही, उंची नाही, हाताला मंदावायला जागाच नाही.

थाळ्यांच्या तळाची चीर पाण्यामुळे. चाक थांबत नाही म्हणून आप्पांचा हात सारखा पाण्यात जात होता, आणि ते पाणी थाळीच्या मध्यावर साचून राहायचं. मधला भाग कडेपेक्षा ओला, शिवाय तो दाबून घट्ट केलेला नाही. कड आधी वाळून आकसते, मध्य मागून आकसू लागतो आणि फाटतो. कुंड्यांना ही चीर दिसत नव्हती, कारण त्यांच्या तळाला मधोमध पाणी जायचं भोक पाडतात. बहुधा चीर पडायची जागाच तिथे काढून टाकलेली असते.

दिशेचा प्रश्न

एक गोष्ट आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि कुणी मनावर घेतली नव्हती. जुनं चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं, नवं उलट दिशेनं. विकणाऱ्याच्या माणसानं "होईल सवय" म्हणून विषय संपवला होता. आप्पांचा उजवा हात भांड्याच्या आत आणि डावा बाहेर असतो. उलट फिरणाऱ्या चाकावर तीच ठेवण ठेवली की माती बोटांच्या टोकांवरून निसटून जाण्याऐवजी टोकांवर चाल करून येते. बोट रुततं, भिंतीला खाच पडते.

बहुतेक इलेक्ट्रिक चाकांना दिशा बदलायचा खटका असतो. इथेही होता, मागच्या बाजूला, चिखलानं माखलेला. चाक पूर्ण थांबवून तो फिरवला. आप्पांचा चेहरा त्या एका खटक्यानं उजळला. नव्या शिकाऊ माणसानं दोनपैकी कुठलीही एक दिशा धरावी, पण ज्याचा हात घडलेला आहे त्याला कृपा करून दिशा बदलायला लावू नका.

बसायची जागा

मशीनची तबकडी जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटरवर, आणि आप्पा बसत होते प्लास्टिकच्या खुर्चीवर, बेचाळीसवर. खांदे वर चढलेले, कोपर अधांतरी, मान पुढे. उकिडवं बसताना त्यांची कोपरं गुडघ्यांवर घट्ट टेकलेली असायची. आख्खं शरीर हाताच्या मागे उभं असायचं. खुर्चीनं तो टेकू काढून घेतला. कोपराला आधार नसलेला हात गोळ्याबरोबर डुलतो, मग मध्य सुटतो, मग माणूस जास्त जोर लावतो. संध्याकाळपर्यंत कंबर धरायची, आणि घरात त्याचा अर्थ 'वय झालं' असा लावला जात होता.

सुतारानं एक स्टूल करून दिलं. त्यावर पाट ठेवून बैठक तबकडीच्या बरोबरीला आणली, आणि स्टुलाच्या मागच्या पायांखाली दोन-अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या सारल्या, म्हणजे बैठक किंचित पुढे कलते आणि वाकायचं ते कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकता येतं. पॅडलच्या उंचीची एक वीट डाव्या पायाखाली दिली. दोन्ही गुडघे समान उंचीला आले, आणि दोन्ही कोपरं मांड्यांवर टेकली. मशीनचे पायही सारख्या पातळीत नव्हते, शेणानं सारवलेली जमीन ती. फरशीचे तुकडे घालून पाण्याच्या लेव्हलनं ते सरळ केले.

विजेची बाजू थोडक्यात पण ठासून सांगते. ओले हात, ओली जमीन आणि अर्थिंग नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड हे तिन्ही मिळून माणूस मारू शकतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि चाकाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा खटका, बसवला. ते होईपर्यंत चाक बंद ठेवलं, ऑर्डर असली तरी.

पाय शिकवणं

आता खरं काम. विटेचा तुकडा मी उचलून बाहेर ठेवला. आप्पांना आकडे सांगण्यात अर्थ नव्हता, ८० फेरे आणि ५० फेरे त्यांच्या कामाचे नाहीत. त्यांना हवा होता तो जुन्या चाकाचा उतार, आणि तो आता पायानं करायचा होता. म्हणून एवढंच ठरवलं: हात वर, पाय वर. हात भिंतीतून वर निघाला की पंजाही पॅडलवरून हळूहळू वर यायचा. हात काठाला पोचेल तेव्हा चाक जेमतेम फिरत असलं पाहिजे.

पहिले काही दिवस अवघड गेले. पाय विसरायचा, किंवा एकदम सुटायचा आणि चाक खटकन थांबायचं. या चाकाची तबकडी हलकी आहे, जुन्यासारखं वजनावर ते रेंगाळत नाही. म्हणून आधी मातीशिवाय सराव केला. तबकडीवर खडूची रेघ, हात हवेत वर न्यायचा आणि रेघ मंदावताना बघायची. मग पणतीच्या ढिगावर, मग छोट्या कुंड्या. बारा इंची सगळ्यात शेवटी.

शिवाय दर दोन खेचण्यांमध्ये चाक बंद करायचा नेम केला. आतलं पाणी फडक्यानं टिपून घ्यायचं, भिंतीकडे एक नजर टाकायची, मग पुन्हा सुरू. जुन्या चाकावरचा दांडक्याचा विसावा या नेमानं परत आला. थाळ्यांसाठी तळ आधी लाकडी पट्टीनं मध्यापासून कडेकडे आणि कडेपासून मध्याकडे दाबून घ्यायचा, कड त्यानंतर. आणि वाळवताना कडेवर ओलं फडकं, म्हणजे कड पुढे पळत नाही.

दोरा ओढायची पद्धतही बदलावी लागली. जुन्या चाकावर ते मंद फिरत्या चाकात दोरा सोडून द्यायचे, चाकच बूड कापून द्यायचं. पणत्यांना ते अजूनही चालतं. मोठी कुंडी वेगात अशी कापली की दोरा मध्ये उचलला जातो आणि बूड आतून पातळ होतं. आता मोठ्या नगाला चाक बंद, दोरा दोन्ही अंगठ्यांनी तबकडीवर दाबून सरळ ओढायचा. बारा इंची कुंडी ओली उचलली तर वाकडी होते, म्हणून तबकडीवर प्लायवूडची गोल फळी चिकटवून तिच्यावरच काम करायचं आणि फळीसकट उचलून न्यायचं. स्टुडिओत आम्ही तिला बॅट म्हणतो, आप्पांनी तिला ताट म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच रूढ झालं.

हंगाम संपेपर्यंत कुंड्यांची मोडतोड दहात एखाद-दुसऱ्यावर आली. थाळ्यांची चीर मात्र पूर्ण गेलेली नाही. मला संशय आहे की तिथे लीद कमी पडतेय. ते पुढच्या घाण्यात बघायचं आहे.

सूनबाईंचं चाक

या प्रकरणाची दुसरी बाजू आप्पांच्या थोरल्या सुनेची. कुंभाराच्या घरात बाया माती कालवतात, मळतात, रंगवतात, वाहतात, बाजारात बसतात, पण पुष्कळ घरांत चाक पुरुषांचं असतं. इथेही तसंच होतं. नवं चाक पडवीत आलं, त्याला ना दांडकं ना जोर, आणि दुपारी सगळे झोपले की ती त्यावर बसायला लागली. आप्पांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. एक दिवस तिनंच विचारलं, "मामंजी, मध्य का सुटतोय?" तेव्हा ते उठून तिच्याशेजारी जाऊन बसले.

तिला पॅडल शिकवावं लागलंच नाही. शिवणयंत्र चालवलेला पाय तो. वेग कमी-जास्त करणं तिला उपजत वाटलं. तिची अडचण मध्य साधण्याची आणि मातीचा ओलावा बोटानं ओळखण्याची होती, आणि ते ज्ञान आप्पांकडे भरभरून होतं. तिचा पाय आणि आप्पांचे हात एकमेकांकडून शिकताना मी पाहिले आहेत. संक्रांतीची सुगडं यंदा तिनं काढली.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की चाकाचं प्रशिक्षण नवख्यांना आणि जुन्या कारागिरांना एकाच पद्धतीनं देऊ नये. विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. त्या दिवसांतला एक दिवस जुन्या कुंभाराला त्याच्या स्वतःच्या चाकावर काम करू द्यावं, व्हिडिओ काढावा, आणि तो हात कसा मंदावतो ते त्यालाच दाखवून मग पॅडल पायाखाली द्यावं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे. मातीकामाची इतकी समज जिथे साठलेली आहे तिथे असा एक दिवस आखणं अवघड नाही.

सध्या दोन कामं बाकी आहेत. एक, पॅडल अगदी खालच्या वेगाला झटका देतं. चाक तीस फेऱ्यांखाली नीट चालत नाही आणि काठाला तेच लागतं. रेग्युलेटर जुळवायला मेकॅनिकला बोलावलंय. दुसरं स्टुलाचं. सूनबाई आप्पांपेक्षा बऱ्याच बुटक्या, तिच्यासाठी बैठकीची उंची आणि विटेची जाडी वेगळी लागते. सुताराला दुसरा पाट सांगितला आहे. सोळा इंची कुंडी दोन भागांत काढून जोडायचं आप्पांच्या मनात आहे, पण ते पॅडल दुरुस्त झाल्यावर.